महाडला जाल तेव्हा डोंगरही पाहा

डोणगाव-मेहकरकडून महाडला जायचं म्हणजे जवळजवळ सारा महाराष्ट्र ओलांडणं. एवढा भाडेखर्च करून चवदार तळ्याला वंदन करायचं आणि त्याच रात्री परतायचं, हे काही मनाला पटत नाही. बंधू-भगिनींनो, एक दिवस जास्तीचा काढा.

डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं. त्यानंतर बाबासाहेब कार्यकर्त्यांसह रायगडावर गेले होते. ती वाट लेकरांना चालू द्या. पाचाडवरून दीड हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत. वर गेल्यावर पूर्वेला लिंगाण्याचा सुळका दिसतो. आपल्या पठारावरच्या पोरांनी असा कडा पाहिलेला नसतो! टकमक टोकावर मात्र लहानग्यांचा हात सोडू नका. म्हाताऱ्या माणसांना रोपवे आहे, १९९६ पासून.

चढणं जमत नसेल तर महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांकडे वळा. चढ थोडा, पण विहार, चैत्य, ब्राह्मी लेख आणि खाली गांधारी-सावित्रीचं खोरं, सारं एका जागी.

२० मार्चला जाणाऱ्यांनी उजाडताच गड चढायला लागावं. कोकणातला घाम आपल्या उन्हासारखा सुकत नाही. माणशी दोन बाटल्या पाणी घ्याच, भाकरी खाली उतरून खा.