पराभवाचे खापर

४ नोव्हेंबर २००८ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांचा पराभव होताच, त्यांच्याच प्रचारयंत्रणेतील काही मंडळींनी, स्वतःची नावे गुप्त राखून, उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांच्या कथित भूगोल-अज्ञानाच्या व दीड लाख डॉलरांच्या पोशाखखर्चाच्या कागाळ्या वार्ताहरांच्या कानी घातल्या. वस्तुतः पेलिन यांची निवड खुद्द मॅकेन यांची. आणि सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स या बँकेचे दिवाळे निघाल्यावर सत्तारूढ रिपब्लिकन पक्षाविरुद्ध जो लोकक्षोभ उसळला, त्याचे खापर अलास्काच्या राज्यपाल असलेल्या पेलिन यांच्या माथी फोडणे सर्वस्वी अन्यायाचे होते. पराभव मान्य करणाऱ्या फिनिक्स येथील भाषणात मॅकेन यांनी पेलिन यांचा गौरव करून अपयश स्वतःकडे घेतले, हे त्यांच्या थोरवीस साजेसेच झाले. सहकारी निवडण्याचा अखत्यार ज्याचा, पराभवाची जबाबदारीही त्याचीच, हा दंडक लोकशाहीतील प्रत्येक नेत्याने शिरोधार्य मानावा.