किल्ली न देता खर्चाचा अधिकार

आपल्या माघारी मुलीला बिटकॉइन काढता यावेत म्हणून वॉलेटचे बारा शब्द कागदावर उतरवून तिच्या हाती द्यावेत, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो मान्य नाही. ते शब्द ज्याच्या हाती पडले, तो त्या वॉलेटमधल्या सगळ्या नाण्यांचा आजपासूनच मालक होतो. अधिकार सोपवायचा असेल, तर मालकी सोडून देण्याची गरज नाही.

बिटकॉइनमध्ये खाते नसते. जुन्या व्यवहारांतली न खर्चलेली आउटपुट्स, म्हणजेच नाणी असतात आणि ते नाणे कोण कसे खर्च करू शकेल, ही अट प्रत्येकाच्या स्क्रिप्टमध्ये असते. नेहमीची सही व्यवहारातले सगळे इनपुट आणि सगळी आउटपुट्स बांधून टाकते. ‘सिगहॅश नन’ प्रकारची सही फक्त इनपुट बांधते. पैसे कुठे जाणार, हे मोकळे सोडते. एकट्या नाण्यावर अशी सही करणे घातक आहे. व्यवहार जाहीर होताच तो ब्लॉकमध्ये घालणारा कोणताही मायनर पैसे स्वतःकडे वळवू शकतो.

बिटकॉइन विकासक जेरेमी रुबिन यांनी 2021 मध्ये याच मोकळेपणाचा सुंदर उपयोग दाखवला. मोठ्या नाण्याबरोबर दुसरा इनपुट म्हणून काहीशे सातोशींचे (बिटकॉइनच्या सर्वांत लहान एककाचे) एक चिल्लर आउटपुट घ्यायचे, ज्याची स्क्रिप्ट मुलीच्या ताब्यात आहे. वडील मोठ्या नाण्यावर ‘नन’ सही करून ती मुलीकडे देतात. चिल्लर सोबत खर्च झाले, तरच ती सही चालते. चिल्लरवर मुलगी नेहमीची सही करते आणि पैसे कुठे जाणार, हे त्या सहीने पक्के होते. चिल्लरच्या स्क्रिप्टमध्ये तीन भावंडांपैकी दोघांच्या सह्यांची अटही घालता येते. मोठे नाणे तोवर जागचे हलत नाही, आणि बिटकॉइनचा एकही नियम बदलावा लागत नाही.

मुखत्यारपत्राहून हे एका बाबतीत फार वेगळे आहे. भारतीय करार कायद्यानुसार मालकाच्या मृत्यूबरोबर मुखत्याराचा अधिकार संपतो. ही सही मात्र त्यानंतरही चालते. वारसांसाठी हाच तिचा मोठा गुण आहे. पण हयातीत मन बदलले, तर मोठे नाणे दुसऱ्या पत्त्यावर हलवावे लागते, किंवा चिल्लर खर्चून टाकण्याची वाट मालकाने स्क्रिप्टमध्ये आधीच स्वतःसाठी ठेवलेली असावी लागते. माझ्या मते ही दुसरी वाट प्रत्येकाने ठेवावीच.

रकमेवर एकदाची मर्यादा ‘सिगहॅश सिंगल’ने घालता येते: उरलेली रक्कम मालकाच्याच पत्त्यावर परत जाईल, एवढे एक आउटपुट सही बांधून ठेवते. नाणे कितीही वेळा हलले तरी सोबत राहणाऱ्या अटींसाठी मात्र कव्हेनंट, म्हणजे नाण्याच्या पुढच्या खर्चावर बंधन घालणाऱ्या स्क्रिप्ट लागतात. रुबिन यांचाच बीआयपी 119 हा नियमबदलाचा प्रस्ताव त्या दिशेचा आहे, पण त्यावरचा वाद वर्षानुवर्षे चालू आहे.

तोवर हातात आहे ते तरी वापरता यायला हवे. आज हे सगळे जाणकारालाच जमते. वॉलेट बनवणाऱ्यांनी अशी सही सरसकट अडवण्याऐवजी तीन गोष्टी पडद्यावर दाखवाव्यात: सोबतचा इनपुट कोणता, त्याची स्क्रिप्ट कुणाच्या ताब्यात, आणि अधिकार रद्द कसा करायचा.