हात थरथरतात, आवाज शाबूत आहे



आमच्या घरी माझ्या फुप्पू राहतात. कंपवातामुळे त्यांचे दोन्ही हात थरथरतात. मोबाइलवर एकीकडे बोट ठेवायला जावं तर ते दुसरीकडेच पडतं. परभणीला दिलेल्या लेकीशी बोलायचं, तर माझ्या मुलाला हाक मारावी लागे. तो फोन लावून देई आणि शेजारीच बसून राही. लेकीला मनातलं काही सांगायचं असलं, तरी पोरासमोर काय बोलणार?

ईदच्या सुट्टीत मी हे काम हातात घेतलं. अँड्रॉइड फोनमध्ये 'व्हॉइस ॲक्सेस' नावाची गुगलची सोय आहे. प्ले स्टोअरवर ती फुकट मिळते. मग सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन सुरू करायची आणि मागेल त्या परवानग्या वाचून द्यायच्या. आयफोनवाल्यांना 'व्हॉइस कंट्रोल' हीच सोय 2019 पासून आहे.

अडचण भाषेची. बोलून मजकूर लिहायची सोय गुगलने 2017 मध्येच मराठी आणि उर्दूला दिली. पण पडद्यावरची बटणं बोलून दाबायची, तर आमच्या फोनमधल्या यादीत ना मराठी होती ना उर्दू. इंग्रजीच घ्यावी लागली. फुप्पू उर्दू वाचतात, इंग्रजी शाळा त्यांनी पाहिलेली नाही. मी तर हिरमुसलेच.

तोडगा आकड्यांनी काढला. 'शो नंबर्स' म्हटलं की पडद्यावरच्या प्रत्येक बटणाला क्रमांक चिकटतो. मग 'टॅप सेव्हन' म्हणायचं, सात नंबरचं बटण दाबलं जातं. आणि आकडे तर आपल्याकडे सगळेच इंग्रजीत बोलतात! मोबाइल नंबर 'नाइन एट टू' असाच सांगतो ना आपण? फुप्पूंनाही ते पाठच होते. 'ओपन व्हॉट्सॲप', 'शो नंबर्स', 'टॅप', 'गो बॅक' एवढं चार दिवसांत बसलं. 'स्क्रोल'चं मात्र 'इस्क्रोल' होई आणि फोन ढिम्म. म्हणून लेकीचं नाव व्हॉट्सॲपमध्ये पिन करून सगळ्यात वर ठेवलं, खाली सरकायची गरजच उरली नाही.

फोन उशाजवळ स्टँडवर असतो. 'हे गुगल, व्हॉइस ॲक्सेस' म्हटलं की ऐकणं सुरू, 'स्टॉप लिसनिंग' म्हटलं की बंद. बंद करायला आधी शिकवा. नाहीतर घरातल्या गप्पांनाही तो हुकूम समजतो. मिक्सर किंवा टीव्ही चालू असला तर काही समजत नाही. त्यांच्या फोनला कुलूप नाही, म्हणून त्यात बँकेचं ॲपही ठेवलेलं नाही. पिन किंवा ओटीपी मोठ्याने बोलायची वेळच येऊ देऊ नका. फोन ठेवायचं काम लेकीकडे दिलंय.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मगरिबनंतर आतून आवाज आला, 'टॅप फाइव्ह'. पाठोपाठ व्हिडिओ कॉलची घंटी. मी कौतुकाने दारात जाऊन उभी राहिले. लेक पडद्यावर आली. फुप्पूंनी तिला थांबायला सांगितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बेटा, दरवाजा लगा ले."