नस कोणती, हे हाताला कळावे

मानेची नस दबली, दवाखान्यात नस सापडेना, काचेने नस कापली. तिन्ही वेळा आपण एकच शब्द वापरतो. वस्तू मात्र वेगवेगळ्या असतात. पहिली मज्जातंतू, दुसरी शीर आणि तिसरी कदाचित धमनी. एरवी या गोंधळाने काही बिघडत नाही. पण रस्त्यावर कुणी रक्तबंबाळ होऊन पडलेले असते, तेव्हा धमनी कुठून जाते हे माहीत असणे जीव वाचवू शकते.

शाळेच्या पुस्तकात धमन्या लाल आणि शिरा निळ्या रंगवलेल्या असतात. त्यावरून धमनीत शुद्ध आणि शिरेत अशुद्ध रक्त, असे आपण पाठ करतो. ते पूर्ण खरे नाही. हृदयाकडून फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमनीत ऑक्सिजन कमी असलेलेच रक्त असते. खरी ओळख दिशेची : हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे परत आणते ती शीर. आणि निळे रक्त कुणाच्याच अंगात नसते. शिरेतले रक्त गडद लाल असते. त्वचेतून ते निळसर दिसते, इतकेच.

धमनी डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर सापडते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर ती उडते. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी, दंडाच्या आतल्या बाजूला, जांघेत, घोट्याच्या आतल्या हाडामागे ती लागते. गळ्याच्या कडेलाही लागते. तिथे मात्र एका वेळी एकच बाजू, हलक्या हाताने तपासावी. शिरा उडत नाहीत. त्यांतल्या अनेक कातडीलगत असतात, म्हणून तपासणीचे रक्त कोपराच्या खोबणीतल्या शिरेतून घेतात. हातापायांच्या शिरांत झडपा असतात आणि त्या रक्त हृदयाच्याच दिशेने जाऊ देतात. विल्यम हार्वे यांनी दंडाला पट्टी बांधून हे दाखवले आणि रक्ताभिसरणाचा सिद्धांत 1628 मध्ये मांडला.

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. धमनी कापली तर लालभडक रक्त उसळ्या मारत येते; शिरेचे गडद रक्त संथ, सलग वाहते. जांघेतली मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. उपाय दोन्हींत सुरुवातीला एकच : स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबा आणि 108 वर फोन करायला सांगा. रक्त थांबले का, हे पाहायला घडी उचलू नका; भिजली तर वरून दुसरी ठेवा. रुतलेली वस्तू उपसू नका. सुतळी किंवा तार आवळू नका.

मदत करणाऱ्याला पोलिसांची भीती वाटते. पण मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने, अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. आता उणीव आहे ती सरावाची. रक्ताभिसरणाची आकृती काढून घेणाऱ्या प्रत्येक शाळेने एक तास मुलांची बोटे त्यांच्याच नाडीवर ठेवायला द्यावा आणि जखम दाबण्याचा सराव करून घ्यावा. आकृतीला गुण मिळतात. जखमी माणसाच्या उपयोगी पडतो तो सरावलेला हात.