नऊ वाजल्यानंतरचे काय?

नेवासा तालुक्यातील सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये एक ठराव केला आणि गावाचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकले. आईबहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड, असा तो ठराव. शिव्यांची बातमी चटकदार, त्यामुळे लोकांच्या लक्षात तीच राहिली. पण याच गावाने घेतलेला दुसरा निर्णय मागे पडला. संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत शाळकरी मुलांच्या हातात मोबाईल द्यायचा नाही, ती वेळ अभ्यासाची, असा तो निर्णय. डॉक्टर म्हणून मला हा दुसरा निर्णय अधिक मोलाचा वाटतो, म्हणून आज त्याविषयी.

अशा नियमाचा खरा फायदा हा की तो सगळ्या गावाचा असतो. एकट्या घराने मुलाचा मोबाईल काढून घेतला तर मुलगा म्हणतो, 'सगळ्यांकडे आहे, मलाच का नाही?' या प्रश्नापुढे भलेभले बाप गप्प बसतात. सगळ्या गल्लीतच मोबाईल बंद असला म्हणजे हा प्रश्नच उरत नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये हेच केले, पण एक पाऊल पुढे जाऊन. तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास मोबाईलबरोबर टीव्हीही बंद झाला. म्हणजे आईची मालिका आणि बापाच्या बातम्यासुद्धा बंद. तिकडे ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाती ठेवण्यास कायद्यानेच मनाई केली. तेव्हा सौंदाळ्याचे लोक काही जगावेगळे वागलेले नाहीत.

मात्र या सगळ्या चर्चेत पालक बोलतात, सरपंच बोलतात, मंत्री बोलतात. ज्याच्या हातातला मोबाईल काढून घ्यायचा, त्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराचे म्हणणे क्वचितच ऐकायला मिळते. दवाखान्यात माझा एक रिवाज आहे. या वयाचा पेशंट आला की आईवडिलांना पाच मिनिटे बाहेरच्या बाकावर बसवायचे आणि पोराशी एकट्याने बोलायचे. सुरुवातीला काही पालकांना राग येतो, पण मग सवय होते.

अलीकडे असाच एक नववीतला मुलगा आला होता. तक्रार डोकेदुखीची. वडिलांनी निदान घरूनच करून आणले होते : 'मोबाईल. दुसरं काही नाही.' वडील बाहेर गेल्यावर मी त्याला विचारले, 'शाळा आवडते का रे तुला?'

'शाळा आवडते. तास नाही आवडत,' तो म्हणाला. मी हसलो, तसा तो मोकळा झाला. त्याचे म्हणणे असे की गणिताचे सर एकदाच सांगतात आणि पुढे जातात. मोबाईलवरच्या मास्तरांना मागे नेऊन पुन्हा ऐकता येते. गृहपाठ सर व्हॉट्सॲपवर टाकतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात 'मोबाईल बघता का रे?' म्हणून रागावतात. 'मग गृहपाठ कशावर बघायचा, डॉक्टर?' याला माझ्याकडे उत्तर नव्हते. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा उसनवारी करून, प्रसंगी शेळी विकून मुलांना मोबाईल घेऊन देणारे आपणच होतो. त्या वेळी हे पोर तिसरी-चौथीत असेल. मोबाईल त्याने मागितला नव्हता.

रिल्सविषयीही त्याचे मत ठाम होते. निम्म्या रिल्स भंगार असतात, हे त्यालाही कळते. पण तो स्वतः गावच्या यात्रेचे चित्रीकरण करून, जोडून, वर गाणे चढवतो आणि ते त्याला चांगले जमते असे मित्र म्हणतात. वडिलांच्या लेखी हा निव्वळ टाइमपास. मी त्याला नागराज मंजुळे यांचे सांगितले. हा माणूस आपल्या नगरच्याच न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकला, शिकत असतानाच त्याने 'पिस्तुल्या' हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे २०१६ साली 'सैराट' आला तेव्हा हीच वडीलधारी मंडळी टेम्पो भरभरून तालुक्याच्या थिएटरला गेली होती. सिनेमा, गाणी, नाच यांनी पोरे बिघडतात ही तक्रार प्रत्येक पिढीने केलेली आहे. आमच्या लहानपणी ती रेडिओवरच्या फिल्मी गाण्यांबद्दल होती, पुढे केबलबद्दल झाली. आमचे जे काही बिघडले त्याला गाणी कारण होती असे मला वाटत नाही.

मग मी विचारले, 'रात्री झोपतोस किती वाजता?' इथे मात्र स्वारी अडखळली. साडेबारा, कधी एक. सकाळी सहाचा क्लास, त्यासाठी पाचला उठायचे. म्हणजे झोप चार-साडेचार तास. डोके दुखणार नाही तर काय होईल?

तेव्हा माझा मुद्दा हा की मुलाचे शरीर सात ते नऊमध्ये बिघडत नाही, ते नऊनंतर बिघडते. तेरा ते अठरा या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. पण वयात येताना शरीरातले घड्याळच एक-दोन तास पुढे सरकते. अंधार पडल्यावर मेंदूतून मेलॅटोनिन नावाचा स्राव सुटतो, त्याने झोपेची तयारी होते. या वयात तो उशिरा सुटू लागतो. त्यामुळे नऊ वाजता पोराला झोप येत नाही, यात त्याचा आळस नाही की माज नाही. त्यात डोळ्यांपुढे उजळलेला पडदा धरला म्हणजे हा स्राव आणखी लांबतो. शिवाय एक रील संपली की दुसरी आपोआप सुरू होते. जुन्या पुस्तकाला प्रकरण तरी संपायचे. हे यंत्र कुठे थांबायचे ते सांगतच नाही आणि तसे ते मुद्दामच बनवलेले असते.

दुसऱ्या टोकाला सकाळ. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या शिक्षण खात्याने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा आदेश काढला. मुलांची झोप होत नाही हेच कारण त्यामागे होते. निर्णय चांगला. पण घड्याळ सरकते ते आठवी-नववीतल्या मुलांचे. त्यांना या आदेशात जागा मिळाली नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आत भरू नयेत असा कायदा केला, तो २०२२ च्या जुलैपासून लागू झाला. आमच्याकडे दोन पाळ्यांत भरणाऱ्या अनेक शाळांत मोठी मुलेच सकाळच्या पाळीला असतात. खेड्यातून येणाऱ्याला त्याआधी एसटी गाठायची असते, आणि वर पहाटेचे क्लास. शाळेची इमारत अपुरी असेल, वेळ बदलता येत नसेल, हे समजू शकतो. पण पहाटे सहाचे खाजगी क्लास कोणत्या सरकारी आदेशाने चालतात? ते आपण पालकच चालवतो, फी भरून.

नऊनंतर काय करावे, तर फार काही नाही. घरातले सगळे मोबाईल रात्री एका ठिकाणी चार्जिंगला लावावेत, अंथरुणापासून लांब. एकाच खोलीचे घर असेल तर कपाटावर ठेवावेत. 'गजर लावायला मोबाईल लागतो' ही सबब मी रोज ऐकतो. गजराचे साधे घड्याळ शे-दोनशे रुपयांत मिळते. संध्याकाळनंतर चहा देऊ नये. रविवारी मुलाला तास-दीड तास जास्त झोपू द्यावे, पण दुपारी बारापर्यंत नको, नाहीतर सोमवारी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आणि बापाचा मोबाईलही त्याच कपाटावर हवा. रात्रीच्या लाइटीला मोटार चालू करायला उठणाऱ्या शेतकऱ्याला फोन लागतो, हे मान्य. पण मोटार चालू झाल्यावर अंथरुणात पडून तासभर व्हिडिओ पाहिले जातात, तेही पोरगा पाहत असतो. त्या मुलाने मला हेच सांगितले होते.

आणखी एक सांगितले पाहिजे. 'मोबाईलमुळे' हे निदान हल्ली फार स्वस्त झाले आहे. दहावीतल्या एका मुलीला आई घेऊन आली. सारखी दमते, चिडचिड करते, अभ्यासात लक्ष नाही, दिवसभर मोबाईल घेऊन पडून असते. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.४. या वयाच्या मुलीचे ते बारा तरी हवे. पाळीत रक्तस्राव जास्त होत होता, ते तिने घरात कोणाला सांगितले नव्हते. ती मोबाईल घेऊन पडून होती, कारण उठायला अंगात बळ नव्हते. डोके दुखणाऱ्या मुलाचेही डोळे आधी तपासून घ्यावेत. फळा नीट दिसत नसेल तर त्यावर उपाय चष्मा हाच.

आणि खरोखरीचे व्यसन? तेही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या आजाराची रोग म्हणून नोंद केली असून ती २०२२ पासून अमलात आली आहे. पण त्याच्या अटी कडक आहेत. खेळण्यावर ताबा उरलेला नाही, जेवण-शाळा-मित्र यांच्यापेक्षा खेळ वरचढ झाला आहे, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालू आहे, तेव्हाच तो आजार. सुट्टीत दिवसभर खेळणारे पोर आजारी नसते. मात्र मोबाईल काढून घेताच अंगावर धावून जाणे, शाळा सुटणे, घरातले पैसे नाहीसे होणे, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा, यांतले काही दिसले तर वाट पाहू नये. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. तिथे जायला संकोच वाटत असेल तर १४४१६ हा टेलीमानसचा सरकारी क्रमांक आहे. तो चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. पोरगा बोलायला तयार नसेल तर आईने किंवा वडिलांनी आधी फोन केला तरी चालतो.