बुश बदला, पत्रा कापू नका

2019 च्या दिवाळीआधी मी लातूरच्या एका गॅरेजात उभं राहून आजोबांच्या प्रीमियर पद्मिनीचा पत्रा कापून घेतला. स्वतःच्या पैशानं, डोळ्यांदेखत, वर मिस्त्रीला चहा पाजून. स्टेअरिंगचा गिअर काढला आणि खाली फ्लोअर गिअर बसवला. जुना दांडा, रॉड, सांधे सगळं भंगारवाल्यानं किलोवर नेलं. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते कुणा साजूक हौशी माणसाचं प्रवचन समजू नका. हा चोराचाच जबाब आहे.

ज्यांनी असा गिअर पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आजच्या गाडीत वायपरची किंवा इंडिकेटरची काडी जिथं असते, साधारण तिथं एक लांब दांडा असायचा. डाव्या हातानं तो पुढे-मागे, वर-खाली करायचा, आणि चारही गिअर तिथंच. पद्मिनीत होता, अँबेसेडरमध्येही होता. खाली पायाशी काहीच नाही, म्हणून पुढची सीट या दारापासून त्या दारापर्यंत सलग, बाकासारखी.

आता जुन्या गाड्यांची हौस असलेल्या कुठल्याही पोराला विचारा. पहिलं काम काय करणार? रंग. दुसरं? फ्लोअर गिअर आणि बकेट सीट. ‘स्टेअरिंग गिअर अडकतो यार’, ‘फील येत नाही’, ‘ओल्ड स्कूल आहे’. शेवटचं वाक्य पन्नास वर्षांच्या गाडीबद्दल म्हटलं जातं, हे विशेष. जुनी आहे म्हणून घ्यायची आणि जुनी दिसते म्हणून कापायची.

‘अडकतो’ या तक्रारीत तथ्य आहे, नाही असं नाही. आमच्या गाडीत दुसरा टाकायला गेलं की कधीकधी चौथा पडायचा. चढावर तर घाम फुटायचा. पण का अडकतो, हे मी तेव्हा एकदाही विचारलं नाही. हातातल्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत मध्ये बरीच मंडळी आहेत. स्टेअरिंगच्या बाजूनं खाली उतरणारा रॉड, त्याच्या टोकाचे आर्म, पुढचे आडवे रॉड, आणि प्रत्येक सांध्याला बुश. प्रत्येक बुश केसाएवढा झिजतो. चार-पाच ठिकाणची ती झीज एकत्र होऊन वर मुठीशी येते तेव्हा दांडा हातभर डुलायला लागतो. यात गिअरबॉक्सचा काही दोष नाही, जागेचा तर मुळीच नाही. बुश बदलायचे, ग्रीस भरायचं, रॉडची लांबी बसवून घ्यायची. एका दुपारचं काम. गुडघा दुखतो म्हणून कुणी पाय कापून दुसरीकडे लावत नाही, आम्ही मात्र नेमकं तेच केलं.

मिस्त्रीला दोष देऊ का? तो बिचारा पंचविशीतला. मारुती 800 बाजारात आली डिसेंबर 1983 मध्ये, आणि तिच्यात गिअर खाली होता. तिथून पुढे जे शिकले त्यांच्या लेखी गाडीचा गिअर खालीच असतो, वर असला तर तो बिघाड. त्याच्या उस्तादाला कदाचित ती लांबी डोळे मिटून बसवता आली असती. त्यानं जे येत होतं ते केलं. मला जे येत नव्हतं ते मी विचारलं नाही. गुन्हा माझा मोठा.

गाडी घरी आणली, शिरूर अनंतपाळला. सगळे बघायला आले. चुलतभावांनी व्हिडिओ काढले. आजीनं पुढचं दार उघडलं, आत वाकून बघितलं आणि विचारलं, “म्या आता कुठं बसू?”

तिची जागा मधली होती. आजोबा चालवणार, दाराशी काका, मध्ये ती. तिथं आता काळ्या गोळ्याचा दांडा होता आणि दोन्हीकडे भंगारातून आणलेल्या सुट्या सीटा. मी म्हटलं, आजी, मागं बस की, आरामात. ती बसली. काही बोलली नाही. आमच्याकडे बायका बोलत नाहीत तेव्हा जास्त काळजी करायची असते.

ही बाकाची सीट म्हणजे कुणाची चूक नव्हती, मागासलेपण नव्हतं. 1930 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन कंपन्यांनी गिअर फ्लोअरवरून उचलून स्टेअरिंगला नेला तो मुद्दाम, पुढे तिघं बसावेत म्हणून. फियाटच्या 1100 मध्ये तोच आला. त्या गाडीचं एक रूप 1964 पासून मुंबईत कुर्ल्याला, वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनू लागलं आणि 1974 पासून ‘पद्मिनी’ झालं. इंजिन 1089 सीसीचं. एवढ्याशा इंजिनावर मराठवाड्यात किती माणसं वाहिली गेली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

आमची 1975 ची. आरसी बुकातल्या पत्त्यात जिल्हा उस्मानाबाद, कारण लातूर जिल्हा झाला 1982 मध्ये. आजोबांनी ती एका आडत्याकडून जुनीच घेतली होती. ती काय फक्त लग्नाला आणि उजेडच्या गांधीबाबाच्या यात्रेला जायची? तिचं खरं काम रात्रीचं. महाराष्ट्रात 108 ची रुग्णवाहिका सुरू झाली 2014 मध्ये. त्याआधी गल्लीत कुणाला कळा सुरू झाल्या, कुणाला पान लागलं (साप चावला, असं रात्री कुणी म्हणत नाही), की आमचं दार वाजायचं. मागची सीट सगळी पेशंटला, आडवं टाकायला. पायाशी एक बाई, धरून बसायला. मग नवरा, सासू, पैसे असलेला माणूस कुठं बसणार? पुढे. तिघं, प्रसंगी चौघं. माझ्या धाकट्या आत्याचा जन्म लातूरच्या रस्त्यावर होता होता राहिला, तेव्हा पुढच्या बाकावर आजोबांच्या शेजारी सुईण आणि मोठा काका होता. खाली दांडा असता तर त्यातलं एकजण घरी राहिलं असतं. कोण राहिलं असतं, ते तुम्हीच ठरवा.

म्हणून ‘फील’ या शब्दाची मला आता चीड येते. गिअर टाकताना एकट्या ड्रायव्हरला काय वाटतं, एवढ्यावर सगळी गाडी तोलायची. ती गाडी एकट्यासाठी बनलेलीच नव्हती. बकेट सीट म्हणजे काय, तर तू तुझ्या खड्ड्यात, मी माझ्या. आणि मध्ये दांडा.

यावर मित्रांचं एक ठरलेलं उत्तर असतं. कंपन्यांनीच पुढे फ्लोअर गिअर दिला ना? दिला. 1990 च्या दशकात अँबेसेडरमध्ये इसुझूचं 1800 सीसीचं इंजिन आलं तेव्हा पाच गिअर आले आणि दांडा खाली गेला. पण तिथं इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, आणि त्याच्या मापानं सगळी मांडणी केलेली. आपण काय करतो? तोच जुना गिअरबॉक्स, तेच चार गिअर, फक्त वरून पत्र्याला भोक पाडून दांडा खोचतो. पावसाळ्यात माझ्या त्या भोकातून पाणी येतं, उन्हाळ्यात इंजिनची वाफ. रबरी टोपी दोनदा बदलली. आणि गंमत म्हणजे दुसरा अजूनही अडकतो! कारण नवीन सांध्यांनाही बुश असतातच, आणि ते स्वस्तातले होते.

दुसरं उत्तर, ‘माझी गाडी, माझे पैसे.’ हे मला मान्य आहे, अर्ध्यापर्यंत. कुणाचा खांदा उचलत नसेल, कुणाला गाडी अर्धी कुजलेली मिळाली असेल आणि वरचे सुटे भाग कुठंच मिळत नसतील, तर त्यानं खुशाल फ्लोअर गिअर लावावा. गाडी उकिरड्यावर सडण्यापेक्षा बरं. माझं भांडण त्याच्याशी नाही. ज्याची वरची जोडणी शाबूत आहे, फक्त झिजलीय, आणि जो रील बघून कटर मागवतो, त्याच्याशी आहे. म्हणजे 2019 मधल्या माझ्याशी.

पैशांचंच बोलायचं तर जुलै 2021 मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. 50 वर्षांवरची गाडी, मूळ रूपात राखलेली, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली, अशी असेल तर तिची वेगळी नोंद होते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आमच्या गाडीनं 2025 मध्ये पन्नाशी गाठली. मी फॉर्म वाचत बसलो आणि ‘मूळ रूप’ या दोन शब्दांवर अडकलो. आता कुठल्या तोंडानं जाऊ? फ्लोअरचा पत्रा म्हणजे बॉडी नाही, असं साहेबांना पटवायला?

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतून पद्मिनी टॅक्सी कायमची बंद झाली तेव्हाचे स्टेटस आठवतात? अख्ख्या महाराष्ट्राला गहिवर आला होता. मुंबईला एकदाच गेलेल्यांनाही. काळ्या-पिवळ्या फोटोखाली लाल हृदयं. मीही टाकली. टाकताना माझी स्वतःची पद्मिनी दारात उभी होती, पोटात भोक घेऊन.

जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणत नाही. चेतकचा गिअर मुठीत होता, तो कुणी पायाशी आणल्याचं मी पाहिलं नाही, कारण चेतक चालवणाऱ्यांना माहीत होतं की ते यंत्र तसंच आहे. उलट आज ह्युंदाईच्या आयोनिक 5 सारख्या महागड्या इलेक्ट्रिक गाडीत गाडी पुढे-मागे न्यायची काडी पुन्हा स्टेअरिंगपाशी गेलीय. कशासाठी? दोन सीटांमधली जागा मोकळी राहावी म्हणून. शोरूममध्ये ती काडी बघून माझा तोच चुलतभाऊ म्हणाला, “भारी आयडिया आहे.” मी काही बोललो नाही.

गेले आठ महिने मी वरची जोडणी शोधतोय. सोलापूरला एकाकडे दांडा मिळाला, मूठ तडकलेली, पण मूळची. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून दोन आर्म आले. बाकाची सीट आमच्याच शेतातल्या आखाड्यावर होती. तिच्यावर सालगडी झोपायचा, त्याला मी बाज घेऊन दिली. उभा रॉड तेवढा अजून मिळालेला नाही. कुणाकडे पडून असेल तर विकू नका, आधी मला सांगा. आणि आजी दर आठ दिवसांनी विचारते, झालं का रे.