मुकर्रबखानाचा पेरू

गेल्या नाताळात घरी आख्खी टर्की आणली म्हणून आमच्याच एका वडीलधाऱ्यांनी मला सुनावले, "ही अमेरिकन थेरं आपल्यात नकोत!" सुनावताना त्यांच्या एका हातात काजू होते आणि दुसऱ्या हातात मिरचीचे भजे. मी गप्प बसलो. पानावर बसल्यावर मोठ्यांशी वाद घालू नये. पण इथे बोलणारच.

सुरत म्हटली की आपल्याला १६६४ आणि १६७० आठवते. त्यापुढे (आणि मागे) अंधार! तर मंडळी, १६१२ ची गोष्ट. सुरत आणि खंबायत या बंदरांचा कारभार मुकर्रबखानाकडे होता. जहांगीर बादशहाने त्याला गोव्याला धाडले. दुर्मिळ वस्तू दिसतील त्या घे, फिरंगी मागतील ती किंमत मोज, असा हुकूम. खानाने दरबारात नेलेल्या नवलाच्या प्राण्यांत एक टर्की कोंबडाही होता. बादशहाला त्याचे नाव कळेना. पण आत्मचरित्रात त्याने डोक्या-मानेचे सरड्यासारखे पालटणारे रंग आणि चोचीवर लोंबणारे, हत्तीच्या सोंडेसारखे मांस बारकाईने टिपून ठेवले. त्याच्या पदरच्या उस्ताद मन्सूरने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

म्हणजे ज्या अमेरिकेच्या नावाने आपण बोटे मोडतो, ते राष्ट्र जन्माला यायच्या १६४ वर्षे आधी हा पक्षी गोव्यात विकत मिळत होता. आता सांगा, थेरं कुणाची?

पक्षी मूळचा मेक्सिकोचा, हे खरे. पण मिरची तरी कुठली? आणि काजू ब्राझीलचा. त्यांना आपण घरात घेतले, गोत्र विचारले नाही. टर्कीच्या नावाचा तर जगभर घोळ आहे. इंग्रजांना ती तुर्कांची वाटली, तुर्क तिला 'हिंदी' म्हणतात, फ्रेंचांच्या 'दँद'मध्येही हिंदच, डचांच्या लेखी ती कालिकतची, आणि पोर्तुगीज म्हणतात 'पेरू'! जिच्या नावातच आपला देश आहे, ती आपल्याला मात्र परकी.

दुसरी तक्रार माझ्या बाजूच्याच लोकांबद्दल आहे. मिरवायला गोठवलेली भलीमोठी टर्की आणायची, चामट करून पाहुण्यांपुढे ठेवायची आणि मग 'चवच नसते हो तिला' म्हणून पक्ष्यालाच दोष द्यायचा! अहो, आठ-दहा माणसांना चार-पाच किलोंची पुरते. कोवळी घ्या, लांब, टणक नखी आलेला जुना नर नको. आपल्याकडेही टर्की पाळतात, इज्जतनगरच्या पक्षी संशोधन संस्थेने 'कारी विराट' नावाची जातच काढली आहे. ताजी मिळाली तर उत्तम. गोठवलेली असेल तर फ्रीजमध्येच विरघळू द्या. दर दोन किलोंना एक दिवस धरा, ओट्यावर ठेवू नका.

मग मीठ, मिरी, लसूण, लिंबू चोळून रात्रभर ठेवायची. काळीज बारीक कापून पाव-कांद्याबरोबर परता, पण ते सारण वेगळे शिजवा. पोट भरलेला पक्षी आतून शिजेपर्यंत छातीचे लाकूड होते. छातीवर लोणी लावून फॉइल झाका, १६५ अंशांवर सुमारे तीन तास. मांडीच्या जाड भागात, हाडाला न लावता, ७४ अंश दिसले की काढा आणि अर्धा तास सुरी लावू नका. (हा अर्धा तास आमच्या घरात कुणाला पाळता येत नाही, ते असो.) घरचा ओव्हन लहान असेल तर ओळखीच्या पोदेराला भट्टीसाठी विचारा.

उरलेल्या मांसाची दुसऱ्या दिवशी शागोती केली होती, भरपूर खोबरे भाजून. त्याच वडीलधाऱ्यांनी दोनदा वाढून घेतली. कशाची आहे, ते त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.